चढावरच्या विहिरीचं पाणी

रेडिएटर बदला म्हणला व्हय तुझा मेस्तरी? म्हणणारच की! आजकालच्या मेस्तरींना बॉनेट उघडायच्या आधी बदलायचंच सुचतं. मला सांग, तू त्यात पाणी कुठलं घालतोस? नळाचं. बरं, त्या नळाला कुठून येतंय, बोअरचं का सिद्धेश्वरच्या धरणाचं? बघ, ठावंच न्हाई. आन वर मलाच इचारतोस, आजोबा, गाडी काहून तापून राहिली म्हून.

बस हितं. च्या पी. तुझ्या बापाला बी हे मी कवा सांगितलं न्हाई, कारण त्यानं कवा इचारलं न्हाई.

हे बघ, इंजिन म्हंजे चूल. चुलीवर कोरडं भांडं ठेवलं तर करपणारच. म्हून इंजिनाच्या अंगाभोवती पाणी फिरवायचं. ते पाणी इंजिनाची आग घेऊन पुढं येतं, रेडिएटरच्या वरच्या टाकीत. वरून खालच्या टाकीत उतरायला बारीक बारीक नळ्या, आन नळ्यांना चिकटून पातळ पत्रे. समोरून वारं लागतं, मागून पंखा ओढतो. खाली उतरेस्तोवर पाणी निवतं आन परत इंजिनात जातं. आपण च्या बशीत वतून पितो ना, तीच गोष्ट. बशी पसरट, म्हून च्या लवकर निवतो. नळ्या बुजल्या म्हंजे बशी गेली, नुसता कप उरला. मंग पोळतं तोंड.

आता बदलायचा कवा, ते बी सांगतो. पण ते सांगायचं तर तुला खाजा मियाची मोटार सांगावी लागंल, आन माझी आई सांगावी लागंल. च्या संपला तर आणखी मागव.

खाजा मिया हिंगोलीतले सरकीचे व्यापारी. निजामाचं राज व्हतं. दुसऱ्या महायुद्धाच्या लढाईच्या आधी त्यायनं एक मोटार घेतली, हिंगोली ते वसमत, मधी औंढा आन शिरड शहापूर. सकाळी जायचं, दुपारी माघारी यायचं, आन सांजच्या रेल्वेला हिंगोलीच्या ठेसनात माणसं बराबर नेऊन सोडायची. लाकडी बॉडी, बाजूला जाड किरमिचाचे पडदे, आत फळकुटांची बाकं, दाराशी रबरी भोंगा. पुढून हँडल मारल्याशिवाय चालू होत नव्हती, आन हँडल उलटं फिरलं तर मनगट गेलंच म्हून समज. रस्त्याला डांबर कुठलं आलंय? मुरूम. वसमतला उतरेपर्यंत माणसं भुवयांपासून तांबडी होत. पण काय रुबाब व्हता रे! औंढ्याच्या वेशीत शिरताना भोंगा वाजवला की बाजारातली माणसं हातातला तराजू धरून बघत राहायची. तसा भोंगा आता कुठं ऐकायला मिळतो. मला तर झोपेत बी ऐकू येतो.

आन त्या मोटारीचा ड्रायव्हर मी. गुरवाचं पोरगं! बापजाद्यांनी महादेवाला बेल वाहिला, घंटा वाजवली, आन मी निघालो मोटार हाकायला. चुलते म्हणले, पोरगं वाया गेलं. मी म्हणलं, गेलं तर गेलं, पण ऐटीत गेलं. मोटारीशिवाय मला दुसरं काई येतच नव्हतं, आन दुसरं काई पायजे बी नव्हतं.

आमचं देऊळ शिरड आन औंढ्याच्या मधी, चढ संपतो त्या माळावर. रस्त्याला लागूनच. बाजूला दोन खोल्यांचं घर, एक चिंच, आन माझ्या बापानं खणलेली विहीर. बाप गेल्यावर आई तिथं एकटी राहायची. शकुंतलाबाई नाव, पण सगळा मुलूख तिला गुरवीणबाईच म्हणायचा. मी आन माझी बायको तारा, म्हंजे तुझी आजी, हिंगोलीला खाजा मियाच्या वाड्यामागं राहायचो. किती बारी म्हणलं, आई, चल हिंगोलीला. तर म्हणायची, देवाला पाणी कोण घालंल, तू का तुझी मोटार? झालं, संपलं.

आता एक रीत सांगतो, ती ठावं असल्याशिवाय तुला पुढचं कळायचं न्हाई. त्या रस्त्यावर मोटार कुठं बी थांबली की गावातल्या बाया घागर घेऊन यायच्या. दारात आलेल्याला पाणी द्यायचंच, मंग तो पाव्हणा असो, बैल असो, न्हाई तर मोटार असो. "मोटारीला पाणी द्या गं!" असा पुकारा व्हायचा. आन ते पाणी न्हाई म्हणायचं नसतं. पाण्याला न्हाई म्हणणं म्हंजे त्या घराला नाव ठेवणं. असं तोंडावर कोण म्हणंल?

मोटार नवी व्हती तवा हे फारसं लागत नव्हतं. मालकाचा हुकूम बी कडक. आधीचा ड्रायव्हर ज्याच्या-त्याच्या सासुरवाडीच्या दारात गाडी उभी करायचा आन रेल्वे चुकवायचा. म्हून मालकानं मला पहिल्याच दिवशी बजावलं, "गोपाळ, औंढा, शिरड, वसमत. बीच में कहीं नहीं. इंजिन तापलं तरच थांबायचं." मी बी बराबर पाळलं. देवळापाशी आलो की भोंगा वाजवायचा आन पुढं. आई दारात आलेली दिसायची, मंग धुरळ्यात दिसायची न्हाई. यात माझी चूक काढू नको, हुकूम म्हंजे हुकूम.

पण एका उन्हाळ्यात मोटार चढावर तापली. अगदी देवळासमोर. टोपणातून फस्स करून वाफ निघाली, मी थांबलो, आई घागर घेऊन धावली. तापलेल्या इंजिनात गार पाणी एकदम वतलं तर त्याचं डोकं तडकतं, म्हून आधी निवू द्यावं लागतं. तेवढ्यात आईनं माझ्या हातावर भाकरी ठेवली, वर अंबाडीची भाजी. माणसं चिंचेखाली टेकली. आईनं त्यायला माठातलं पाणी दिलं, तांब्या-तांब्यानं. मंग मोटार निवली, तशी तिनं घागरीतलं पाणी स्वतःच्या हातानं तिच्यात वतलं. वतताना तोंडानं बोलायची, "पी बाई, पी. लई पळलीस."

त्या दिवसापासनं मोटार तापतच गेली. आधी आठवड्यातून एखाद बारी, मंग एकाआड एक, मंग रोज. आन तापायची कुठं? आमच्या देवळासमोर. चढ तिथं संपतो ना, म्हून. लोक हसायचे. म्हणायचे, गोपाळची मोटार आईच्या अंगावरची हाय. मी वरून चिडायचो, पण खरं सांगू का, मला ते दिवस लई ग्वाड लागले. रोज दुपारी आईच्या हातची भाकरी. ड्रायव्हर माणसाला असं सुख मिळतं व्हय? ती समोर बसून माझ्या तोंडाकडं बघायची, आन मी बॉनेटकडं बघत शिव्या घालायचो.

पण रेल्वे चुकायला लागली. एक दिवस एका वकिलानं ठेसनावर असा तमाशा केला की खाजा मिया स्वतः चालत आले. चार माणसांत मला म्हणले, "गोपाळ, तेरे हाथ में गाडी बीमार का पडती रे? धर्मसिंगला इचारलं मी. तो म्हणतो, त्याच्या हातात एक दिवस तापायची न्हाई."

धर्मसिंग! तो मिशाळ माणूस माझ्या मोटारीवर टपूनच बसला व्हता. त्याच्याकडं लायसन व्हतं, मालकाच्या मुनिमाशी दोस्ती व्हती, आन रोज सकाळी येऊन मोटारीच्या चाकाला लाथ मारून बघायचा, विकत घ्यायचीय असं. माझं डोकं असं भडकलं की इचारू नको. मी म्हणलं, "मालक, खोट माझ्या हातात न्हाई, रेडिएटरात हाय. उघडून दाखवतो." आन त्याच सांजेला मी आन आमचा क्लीनर थावरा, आमी दोघांनी रेडिएटर खोलून हैदरच्या दुकानात नेला.

हैदर कल्हईवाला. पितळेची भांडी उजळायचा, गळकी घागर झाळायचा, आन मोटार आल्यापासनं रेडिएटरच्या भोकाला बी तोच कथलाचा डाग मारायचा. कोळशाचा भाता फुंकून त्यानं वरच्या टाकीची झाळ पातळ केली, टाकी अलगद उचलली आन आत बघितलं. बघतच राहिला.

"या अल्ला! गोपाळभाई, मोटारीला पाणी पाजून राहिला का चुना?"

मी वाकून बघितलं. नळ्यांची तोंडं पांढरी. तार घालायला गेलो तर तार जाईना. बोटानं खरडलं तर खपली निघाली, अंड्याच्या टरफलावानी.

तवा त्यानं मला जे सांगितलं ते आज तुला सांगतो, तुझ्या मेस्तरीला बी सांग. भोक पडलं तर बदलायचं न्हाई, डाग मारायचा. एखाद-दुसरी नळी फुटली तर तिची दोन्ही तोंडं झाळून टाकायची, बाकीच्यांवर काम निभतं. पण इंजिन चांगलं तापल्यावर रेडिएटरच्या समोरून हात फिरवायचा. जिथं ऊन लागतं तिथं पाणी वाहतंय. जिथं गार लागतं तिथं नळी बुजली. गार जागा एखादीच असंल तर तारेनं खरवडून साफ करायचं. आन गार जागाच जास्ती झाली, पत्रे बोटात चुरायला लागले, डागावर डाग बसायला जागा उरली न्हाई, तर मंग त्याला सलाम करायचा आन नवा आणायचा. आधी न्हाई.

"हा?" मी इचारलं.

"ह्याला सलाम," हैदर म्हणला. "महिनाभर चालंल असं करून देतो. पुढं खुदा मालिक."

तेवढ्यात तारा माझा डबा घेऊन आली. तिनं ती खपली उचलली, नखानं मोडली, आन म्हणली, "ही आत्याबाईंच्या विहिरीची."

"कशावरून?"

"कशावरून म्हंजे? मी दोन वर्सं नांदले तिथं. न्हाणीतलं भांडं दगडानं घासून घासून हात सोलले माझे. असाच थर बसायचा, अशीच खपली निघायची. जड पाणी हाय त्या विहिरीचं. तुमाला काय ठावं, तुमी आयत्या पाण्यात आंघोळ करणारे!"

हैदर खो-खो हसला. मला मात्र घाम फुटला. म्हंजे माझीच आई रोज आपल्या हातानं मोटारीचा घसा बुजवत व्हती! मी म्हणलं, "आई भोळी हाय गं. तिला काय कळतंय, पाणी ते पाणी."

"भोळी!" तारा म्हणली, आन असं काई हसली की मला राग आला. डबा ठेवला आन गेली.

मालकाला खपली दाखवली. कुठल्या विहिरीची ते मात्र सांगितलं न्हाई, माझी जीभच वळली न्हाई. खाजा मिया न्यायाचा माणूस. म्हणले, "ठीक हाय. हैदराबादहून नवा मागवतो. लढाईचे दिवस हायत, मिळणं मुश्किल, पण मागवतो. मगर सुन गोपाळ. नवा बसल्यावर गाडी बीच में थांबली, न्हाई तर नवा बी असाच बुजला, तर धर्मसिंगला चावी. फिर मेरे पास मत आना." 

चावी धर्मसिंगला! मला वाटलं, त्यापेक्षा माझा हात काढून घ्या. मी मोटारीवरून उतरलो असतो तर काय केलं असतं? परत माळावर जाऊन घंटा वाजवली असती?

हैदरनं खरवडून दिलेला जुना रेडिएटर घालून आमी दुसऱ्या दिवशी निघालो. माघारी येताना देवळासमोर तापलीच. आई घागर घेऊन आली. मी खाली उतरलो आन थेट सुरू झालो.

"आई, ठेव ती घागर! ठेव आधी!"

"काहून रे, काय झालं?"

"तुझ्या ह्या पाण्यानं मोटारीचं वाटोळं झालं. जड पाणी हाय हे. नळ्या बुजल्या सगळ्या. लोकं मला नावं ठेवून राहिले, धर्मसिंग टपून बसलाय, आन तू आपली रोज घागरीवर घागर वतून राहिलीस! आपल्या विहिरीचं पाणी कसलं हाय, तुला एवढं बी ठावं न्हाई?"

आईनं घागर खाली ठेवली. पदरानं हात पुसले. तिचा आवाज चढला बी न्हाई.

"मला काहून ठावं नसंल? ह्या पाण्यात डाळ शिजत न्हाई. लग्न होऊन आल्याच्या दुसऱ्या दिवशी कळलं मला. तवापासनं सैपाकाचं आन प्यायचं पाणी मी खालच्या लमाणांच्या तांड्यावरून आणते, पेमा नाईकाच्या विहिरीचं. रोज. ते गोडं हाय. माठात तेच असतं."

माठातलं माणसांना आन घागरीतलं मोटारीला, हे मी रोज बघत व्हतो. मला वाटायचं, पाव्हण्यांना गार म्हून माठातलं देते. मी थावराकडं बघितलं. तो तांड्याचाच, त्या पेमा नाईकाचा भाचा. तो मिशीतल्या मिशीत म्हणला, "व्हय. रोज येते गुरवीणबाई. तुमी कवा इचारलं न्हाई."

"मंग मोटारीला हे जड पाणी काहून घातलंस?" मी आईला इचारलं.

"गोडं घातलं असतं तर तू थांबला असतास का रे?"

आता ह्याला काय सांगणार? सांग ना तू!

"मोटार नवी व्हती तवा तू भोंगा वाजवून जायचास," ती म्हणली. "भोंगा ऐकला की मी तव्यावरची भाकरी हातात घेऊन पळायचे. दारात येईस्तोवर नुसता धुरळा. मंग ती भाकरी मी कुत्र्याला घालायचे. पहिल्या बारीला मोटार आपसूक तापली, तू बसलास, जेवलास. मी म्हणलं, बाई, ही चांगली हाय, ही थांबते."

"मालकाचा हुकूम व्हता, आई!"

"हाय की. म्हून तर मी तुला काई म्हणले न्हाई. जे काई म्हणायचं ते मोटारीलाच म्हणले."

चिंचेखाली बसलेली माणसं ऐकत व्हती. कुणी हसलं न्हाई. मला मात्र रडू यायला लागलं, आन रडू आलं की मला राग येतो, ही माझी जातच तशी. मी म्हणलं, "मंग सांगायचं ना, मोटार सोड, घरी ये म्हून!"

"घरी? आन काय करशील? दोन दिवस घंटा वाजवशील आन तिसऱ्या दिवशी माझं डोकं खाशील. मोटारीवर बसलास की तुझं तोंड कसं दिसतं, ते तुला ठावं न्हाई, मला ठावं हाय. तू मोटारीवरच पायजेस मला. फकस्त थांबायला पायजेस."

मी तिला नव्या रेडिएटरचं सांगितलं. मालक काय म्हणले ते सांगितलं. धर्मसिंगचं सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं, मान हलवली.

"मंग न्हाई घालत," म्हणली. "जा. रेल्वे चुकंल तुझी."

आन भाकरी फडक्यात बांधून दिली, हातावर ठेवली न्हाई.

नवा रेडिएटर आला. लाकडी खोक्यात, गवतात गुंडाळून, रेल्वेनं. काय सांगू, पितळ असं झळाळत व्हतं! हैदर त्याच्यावरून हात फिरवून म्हणला, "ह्याला माझी गरज पडायची न्हाई." आमी तो बसवला. पहिल्या फेरीला खाजा मिया स्वतः माझ्या शेजारी येऊन बसले, अंगात लांब अचकन, खिशात घड्याळ. मागं थावरा पायरीवर लटकलेला.

जाताना मोटार अशी पळाली की मीच भ्यालो. देवळापाशी भोंगा वाजवला. दार बंद. आई दिसली न्हाई. मालक बाजूला बसलेले, मी काय करणार? गेलो तसाच पुढं, पण दिवसभर जीव थाऱ्यावर नव्हता.

माघारी निघालो. शिरड सोडलं. चढ लागला. रेल्वे गाठायची माणसं आत घाई करून राहिली. मी कान टोपणाकडं लावले, कुठं फस्स होतंय का. सगळ्या जन्मात पहिल्यांदाच मी मनात म्हणलं, ताप गं बाई, आजच्या दिवस ताप. कसली तापती! नवा रेडिएटर, वारं समोरून, खालपर्यंत पाणी खेळतंय. खाजा मिया खुश होऊन म्हणले, "वा गोपाळ, मख्खन!"

चढ संपला आन आई दिसली.

रस्त्याच्या मधोमध चालत येत व्हती. कडेवर घागर. पदर घामानं अंगाला चिकटलेला, पाय गुडघ्यापर्यंत धुरळ्यानं भरलेले. तांड्यावरून चढून येत व्हती, भर दुपारची. मोटार बघून तिनं हात वर केला न्हाई. थांब म्हणली न्हाई. मोटारीला वाट द्यायला रस्त्याच्या कडेला सरकली.

ते सरकणं मला बघवलं न्हाई रे. माझा पाय ब्रेकवर गेला. मोटार थांबली, इंजिन बी मी बंद केलं.

"क्या हुआ?" खाजा मिया म्हणले. "काहून थांबलास?"

"तापली, मालक." माझं तोंडच बोललं.

मागून थावरा उतरला, धावत पुढं आला, रेडिएटरला बोट लावलं आन "आयायाया!" करून असा ओरडला की आतली पोरंसोरं दचकली. बोटावर फुंकर घालत नाचायला लागला. असला नाटक्या! आतून एक म्हातारी म्हणली, "मंगापासनं वास येऊनच राहिला व्हता जळका." दुसरा म्हणला, "मालक, निवू द्या जरा. रेल्वेचं बघू." ह्याच रेल्वेसाठी ती माणसं एवढा वेळ माझ्या नावानं बोंबलत व्हती!

खाजा मिया खाली उतरले. सावकाश चालत पुढं आले. मी बी उतरलो. ते म्हणले, "टोपण खोल."

तापलेल्या मोटारीचं टोपण कुणी उघडत न्हाई, वाफेनं तोंड भाजतं. हे त्यायला बी ठावं व्हतं, मला बी. मी फडकं घेतलं न्हाई. उघड्या हातानं टोपण फिरवलं आन काढलं. वाफ न्हाई, आवाज न्हाई. आत पाणी गळ्यापर्यंत भरलेलं, हलत बी नव्हतं. मालकानं वाकून बघितलं. थावरानं बोट फुंकायचं थांबवलं. मी मनात चावी काढून धर्मसिंगच्या हातात ठेवून बी दिली.

आई जवळ आली व्हती. मालकाला म्हणली, "पाणी गोडं हाय, मालक. तांड्यावरचं. ह्याच्यानं नळ्या बुजायच्या न्हाईत. माझ्या लेकराचा काई दोष न्हाई त्यात."

"कहाँ से लायी, अम्मा?"

तिनं खाली हात केला. दूर वढ्याच्या काठाला तांड्याची छपरं दिसत व्हती, आन तिथून वर येणारी पायवाट. खाजा मिया त्या वाटंकडं बघत राहिले. मंग आईच्या पायांकडं बघितलं. मंग खिशातलं घड्याळ काढलं आन उघडलं न्हाई, तसंच परत ठेवलं.

"पानी कम है," ते म्हणले. "डालो, अम्मा."

आन चिंचेकडं जाऊन, अचकन सावरून, खाली मातीत बसले.

आई पुढं झाली. तिनं घागर तिरपी केली. रेडिएटर काठोकाठ भरलेला, पाणी तोंडातून उलटं येऊन माझ्या पायावर आन मुरमावर सांडायला लागलं. तिचं पाण्याकडं ध्यानच नव्हतं, ती माझ्या तोंडाकडं बघत व्हती. घागर रिकामी होईस्तोवर ती वतत राहिली, आन त्या अख्ख्या मोटारीतलं कुणी तिला बास म्हणलं न्हाई.